आधी आईला बघा, मग पिल्लाला

पत्र थोडक्यात असं: घरात अकरा आणि पाच वर्षांच्या दोन मुली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई, आणि नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणारे. मुलींनी वर्षभर लॅब्राडोरचा हट्ट धरला आहे. ऑनलाइन जाहिरातीत चॉकलेटी रंगाचं सहा आठवड्यांचं पिल्लू दिसलं. विकणारा म्हणतो, आई-वडील दोघंही पेपरवाले, चॅम्पियनच्या वंशातले, पिल्लू डॉक्टरांनी तपासलेलं. रविवारपर्यंत आगाऊ पैसे भरा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. घरी यायचीही गरज नाही, अर्ध्या वाटेत आणून देतो. घ्यावं का? नाही तर चांगला ब्रीडर ओळखायचा कसा? आणि धाकटीचं व सासूबाईंचं या कुत्र्याबरोबर जमेल का?

ताई, पैसे भरू नका. रविवार जाऊ दे.

विकणाऱ्याची सगळी वाक्यं खरी असली तरी हा सौदा वाईटच आहे. सहा आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडायचं नसतं. आठ आठवडे ही कमीत कमी मर्यादा. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ते भावंडांशी मारामारी करताना एक महत्त्वाची गोष्ट शिकतं: जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ संपतो. जे कुत्रं जन्मभर तोंडात काही ना काही धरून फिरणार आहे, त्याच्या बाबतीत हा धडा बुडणं परवडत नाही. विशेषतः घरात पाच वर्षांची मुलगी असताना.

अर्ध्या वाटेतली भेट ही सौजन्यासाठी नसते. तुम्ही पिल्लाची आई आणि ती राहते ती जागा पाहू नये यासाठी असते. ‘पेपर’ म्हणजे फक्त नोंदणी. आई-वडील लॅब्राडोर म्हणून वहीत नोंदलेले आहेत, एवढंच त्यातून कळतं. त्यांच्या सांध्यांबद्दल, डोळ्यांबद्दल त्यात अवाक्षर नसतं. चॅम्पियन तीन पिढ्या मागे असेल तर त्याचा तुमच्या पिल्लाला उपयोग शून्य. आणि ‘डॉक्टरांनी तपासलं’ म्हणजे छाती ऐकली, ताप पाहिला, जंतांचं औषध दिलं. सहा आठवड्यांच्या पिल्लाचा खुबा दोन वर्षांनी कसा असेल हे कोणताही डॉक्टर हात लावून सांगू शकत नाही. त्यासाठी आई-बापांच्या तपासण्या पाहाव्या लागतात, आणि लॅब्राडोर घेताना बाकी सगळ्याच्या आधी त्याच मागायच्या.

सगळ्यात पहिली खुब्याची. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वाटी उथळ किंवा सांधा सैल असला की गोळा आत घासत राहतो, कूर्चा झिजते आणि तरुणपणीच संधिवात सुरू होतो. कुत्रं उठताना वेळ लावतं, सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम उचलून पळतं. यात आनुवंशिकतेचा भाग मोठा, वाढीच्या काळातल्या वजनाचा भागही बराच. म्हणून प्रजननाआधी नर-मादी दोघांच्याही खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे काढून ते तज्ज्ञ मंडळाकडे पाठवतात. अमेरिकेतल्या ओएफए या संस्थेचा अंतिम दाखला वयाची २४ महिने पूर्ण झाल्यावरच मिळतो. त्यात एक्सलंट, गुड आणि फेअर या तीन श्रेणी उत्तीर्ण. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही खुब्यांचे गुण मिळवून ० ते १०६ असा आकडा येतो आणि तो जितका कमी तितका चांगला. इथे जास्त गुण पाहून खूश होणारे लोक फसतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी ए ते ई अशी श्रेणी असते, तिथे ए किंवा बी पाहा. कोपराला ० ते ३ असे अंक देतात. तिथे ० हवा.

‘एक्स-रे काढलाय, सगळं ठीक आहे’ हे उत्तर चालत नाही. मंडळाचा कागद हवा, त्यावर कुत्र्याचं नोंदणीचं नाव आणि कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक हवा, आणि तो क्रमांक वंशावळीच्या कागदाशी जुळायला हवा. ओएफएच्या संकेतस्थळावर नोंदणीचं नाव टाकून कुणालाही निकाल पाहता येतो. मात्र खराब निकाल जाहीर करायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर असतं. त्यामुळे तिथे नाव सापडलं नाही तर ‘अजून चढवलं नसेल’ असं समजून घेऊ नका. कागद मागा.

मग जनुकीय चाचण्या. लॅब्राडोरमध्ये निदान तीन तरी हव्यात. पीआरसीडी-पीआरए हा डोळ्यांचा आजार: आधी रात्री दिसेनासं होतं, पुढे पूर्ण आंधळेपण. ईआयसीमध्ये धडधाकट दिसणारं कुत्रं पाच ते वीस मिनिटं जोरात धावलं की मागच्या पायांतून लटपटतं आणि कोसळतं. सीएनएम हा स्नायूंचा आजार, तो पिल्लू काही महिन्यांचं असतानाच दिसतो. याशिवाय नाकाच्या शेंड्यावर खपल्या धरणारा एचएनपीके आणि आखूड पायांचा एसडी-२ यांच्याही चाचण्या आहेत. केलेल्या असल्या तर उत्तमच.

हे पाचही आजार अप्रभावी जनुकाचे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच पिल्लू आजारी पडतं. अहवालात क्लिअर, कॅरिअर आणि अफेक्टेड असे तीन शब्द दिसतील. क्लिअर आणि कॅरिअर यांच्या जोडीतून आजारी पिल्लू निपजत नाही, फक्त सरासरी निम्मी पिल्लं वाहक होतात. कॅरिअर आणि कॅरिअर ही जोडी मात्र नको, तिथे प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. तेव्हा ‘आमची मादी ईआयसी कॅरिअर आहे, नर क्लिअर आहे’ असं कुणी आपणहून सांगितलं तर त्या ब्रीडरवर काट मारू नका. उलट त्याच्या नावापुढे खूण करा. या चाचण्यांत न येणारे मोतीबिंदूसारखे दोषही असतात, त्यासाठी पशु-नेत्रतज्ज्ञाकडून दरवर्षी डोळे तपासून घेतात. तो दाखला वर्षाच्या आतला असावा.

हे सगळं फोनवर विचारता येतं आणि तिथेच निम्म्याहून अधिक नावं गळतात. जे चिडतात, ‘एवढं कुणी विचारत नाही’ म्हणतात, त्यांचा तुमच्यावर उपकारच आहे.

नावं मिळवायची कुठून? देशाच्या केनेल क्लबची (कुत्र्यांच्या जातींची नोंदणी ठेवणारी संस्था) आणि लॅब्राडोर क्लबची यादी ही सुरुवात, हमी नव्हे. डॉग शो किंवा रिट्रीव्हर, म्हणजे टिपलेली शिकार उचलून आणणाऱ्या, कुत्र्यांच्या कामाच्या चाचण्यांना जाऊन मालकांशी बोलणं हा जास्त चांगला मार्ग, कारण तिथे कुत्री समोर असतात आणि कुणाची कुत्री दर वर्षी लंगडतात हे बाकीच्यांना ठाऊक असतं. ओळखीचा पशुवैद्य असेल तर त्याला विचारा: निरोगी म्हातारे लॅब्राडोर कुणाकडचे येतात? नऊ-दहा वर्षांचं, नीट चालणारं कुत्रं ही ब्रीडरची खरी जाहिरात. आणि वाट पाहायची तयारी ठेवा. गाभण काळ सुमारे ६३ दिवसांचा, त्यावर आठ आठवडे; चांगल्या ब्रीडरकडे वेताच्या आधीच यादी लागलेली असते. सहा महिने ते वर्ष थांबावं लागलं तर त्यात वावगं काही नाही. पाच जातींची पिल्लं बारा महिने तयार असलेला माणूस ब्रीडर नव्हे, दुकानदार.

भेटीला गेलात की पिल्लांच्या टोपलीकडे धावू नका. आधी आई पाहा. ती अनोळखी माणसांकडे शेपूट हलवत आली, वास घेऊन परत पिल्लांकडे गेली, तर छान. गुरगुरली किंवा कोपऱ्यात दबली तर ‘पिल्लं आहेत ना म्हणून’ हे स्पष्टीकरण लॅब्राडोरसाठी फारसं पटणारं नाही. पिल्लं सहा-सात आठवड्यांची झाली की चांगल्या स्वभावाची मादी पाहुण्यांना खुशाल येऊ देते. पिल्लांना स्वभाव जनुकांतून मिळतो आणि आईला पाहूनही. ती ओढलेली, थोडी केस गळलेली दिसेल, ते चालतं. सात-आठ पोरांना दूध पाजलंय तिने. तिचं वय दोनच्या पुढे हवं आणि याआधी किती वेळा व्याली हे विचारा. दरवर्षी न चुकता वेत असेल तर तिथून निघा.

बाप तिथे नसला तर बिचकू नका. उलट, विचार करून जोडी जमवणारे लोक बहुधा दुसऱ्याचा नर शोधतात. आई-बाप दोघंही एकाच अंगणात, याचा अर्थ बरेचदा एवढाच की जो हाताशी होता तो वापरला. दोघांच्या वंशावळीत तेच नाव पुनःपुन्हा येत नाही ना, तेही पाहा.

पिल्लं घराच्या वावरात असावीत. कुत्र्याच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ ‘जगात काय काय असतं’ हे ठरवणारा. मिक्सरचा आवाज, लहान मूल, टोपी घातलेला माणूस, वेगवेगळ्या फरश्या हे त्या काळात गोडीत भेटलं तर पुढे भीती राहत नाही. मागच्या शेडमध्ये बंद वाढलेल्या पिल्लाला नंतर हे शिकवता येतं, पण त्याला वर्ष लागतं आणि ते पूर्ण भरून निघेलच असं नाही. झोपायची आणि शी-शूची जागा वेगळी आहे का पाहा. जी पिल्लं घाणीतच झोपतात त्यांना घरात शिस्त लावणं फार जड जातं. बाकी खुणा सोप्या: डोळे-नाक कोरडे, शेपटीखाली स्वच्छ, पोट ढोलकीसारखं फुगलेलं नाही.

कोणतं पिल्लू? शक्यतो ब्रीडरला ठरवू द्या. त्याने आठ आठवडे रोज पाहिलंय, तुम्ही अर्धा तास. ‘जे आपणहून माझ्याकडे आलं तेच माझं’ यात भावना आहे, पण जे सगळ्यात आधी येऊन बुटाची नाडी ओढतं ते वेतातलं सगळ्यात आगाऊ पिल्लू असू शकतं. तुमच्या घराला मधलं हवं. नर की मादी याने फारसा फरक पडत नाही. घराण्याने पडतो: शोसाठी जोपासलेले लॅब जाडजूड, तुलनेने संथ, शिकारीच्या कामासाठी जोपासलेले सडपातळ आणि दिवसभर काम मागणारे. दोघंही नोकरीवर असलेल्या घरात दुसऱ्या प्रकारचं कुत्रं आणलंत तर ते स्वतःच काम शोधेल, बहुधा सोफ्यात.

करारात एक वाक्य असलंच पाहिजे: कुत्रं कोणत्याही वयात सांभाळणं अशक्य झालं तर ब्रीडर ते परत घेईल. आणि चांगला ब्रीडर तुम्हालाही उलटतपासणीला बसवेल. दिवसभर घरी कोण, आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं. राग मानू नका.

रंगाबद्दल. लॅब्राडोरचे मान्य रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेटी. फिकट क्रीमपासून गडद तांबूस ‘फॉक्स रेड’पर्यंत सगळे पिवळ्यातच मोडतात. दोन काळ्या कुत्र्यांना एकाच वेतात तिन्ही रंगांची पिल्लं होऊ शकतात. चॉकलेटी रंग वाईट नाही, पण निव्वळ त्या रंगासाठी जोड्या लावल्या की निवडीला वाव कमी उरतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चॉकलेटी लॅबचं मध्यम आयुर्मान १०.७ वर्षं आणि इतर रंगांचं १२.१ वर्षं निघालं. कान आणि त्वचेचे त्रासही चॉकलेटींमध्ये अधिक आढळले. ‘सिल्व्हर’ आणि ‘चारकोल’ म्हणून जादा पैसे मागणारे भेटतील. तो रंग फिकट करणाऱ्या एका जनुकाचा परिणाम आहे आणि अशा काही कुत्र्यांचे केस पुढे विरळ होत जातात. रंग शेवटी बघा.

आता घर. लॅब्राडोरबद्दल सगळे सांगतात की तो प्रेमळ असतो. तो भुकेलाही असतो, आणि ती भूक नुसती सवयीची नाही. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे चारांतल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा संदेश मेंदूला नीट पोचत नाही. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की अशी कुत्री विश्रांतीत सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा जाळतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. तुमच्याकडे ताट घेऊन बसल्यावर जे डोळे रोखले जातील, त्यामागे उपाशीपण नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पटवा.

कारण वजन हाच या जातीचा सगळ्यात मोठा टाळता येणारा रोग. एका पशुखाद्य कंपनीने ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला देऊन, त्यांचा जन्मभर मागोवा घेतला. २००२ साली निकाल आला: कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्या गटाचं ११.२. संधिवातही त्यांना उशिरा झाला. इतकी स्वस्त औषधयोजना दुसरी नाही.

प्रत्यक्षात हे असं करा. खाणं वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. त्याच वाटीत दोन माणसं भरतात तेव्हा सहज पाचवा हिस्सा इकडेतिकडे होतो. ३० किलोच्या, नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला साधारण १२०० ते १४०० किलोकॅलरी पुरतात. पाकिटावर १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी लिहिलं असेल तर ते झाले ३४० ते ४०० ग्रॅम, दिवसभराचे. सकाळीच तेवढं मोजून एका झाकणाच्या डब्यात भरा. शिकवताना द्यायचा घास, आजीने प्रेमाने दिलेला घास, धाकटीने ‘बस’ म्हणून दिलेला घास, सगळं त्याच डब्यातून. डबा संपला की दिवस संपला. वेगळा खाऊ द्यायचाच तर तो एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि डब्यातून तेवढं काढून.

दर पंधरा दिवसांनी बरगड्या चाचपा. आपला पंजा सरळ पसरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याच पंजाच्या मागच्या बाजूला, बोटांच्या मुळाशी, हाडांवरून चाचपून बघा. बरगड्या तशा लागल्या तर वजन योग्य. मूठ वळल्यावर हाडं जशी टोचतात तशा लागल्या तर कुत्रं बारीक आहे. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर १० टक्के खाणं कमी करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा चाचपा. वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. लोक म्हणतील, ‘अगं, वाळलंय किती!’ म्हणू दे. लठ्ठ लॅब पाहून पाहून नजर बिघडलेली असते.

पिल्लाला ‘लार्ज ब्रीड पपी’ असं लिहिलेलंच खाद्य द्या, तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. ब्रीडरकडचं खाद्य पहिले आठवडाभर तेच ठेवा, बदल सात दिवसांत हळूहळू. आणि कॅल्शियमची पावडर वरून अजिबात नको. लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. ‘हाडं मजबूत व्हावीत म्हणून’ दिलेलं औषधच हाडांवर उठतं. तीन महिन्यांपर्यंत जिना उचलून चढवा-उतरवा, गुळगुळीत फरशीवर पायपुसणी नाहीतर चटया टाका. मऊ जमिनीवर मोकळं हुंदडणं मात्र हवंच, ते सांध्यांना चांगलं.

सासूबाईंचा गुडघा. इथे स्पष्ट बोललं पाहिजे. सहा महिन्यांचा लॅब वीस किलोच्या आसपास जातो, अक्कल मात्र दोन-अडीच वर्षांनी येते. मधल्या दीड वर्षात तो प्रेमाने अंगावर उडी मारेल, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तेवढं पुरे. म्हणून उडीची सवय लागूच द्यायची नाही, पाच किलोचा असतानाच. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड. पाय उचलले की पाठ फिरवायची, हात वर, तोंडातून शब्द नाही. हाताने ढकलणं, गुडघा मारणं, ओरडणं हा त्याच्या दृष्टीने खेळच. आणि घरातला एक जरी माणूस ‘माझ्या अंगावर मारलेली चालते’ म्हणाला तरी सगळं फुकट. दारात पाहुणे आले की जाळीचं फाटक लावा. सासूबाई आधी खुर्चीत बसतील, मग कुत्रं खोलीत येईल, हा क्रम पहिली दोन वर्षं मोडू नका. काठी असेल तर ती तो उचलून नेईल हे धरून चाला. ती टांगायला उंच खुंटी करा. आणि पट्टा धरून फिरवणं त्यांचं काम नाही. छातीच्या पुढे कडी असलेला हार्नेस ओढणं बरंच कमी करतो, पण मांजर दिसल्यावर तोही पुरत नाही.

त्यांच्या वेदनाशामक गोळ्या कुलपात. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बंद पडू शकतं, आणि लॅब गोळ्यांची अख्खी पट्टी वेष्टनासकट चावून खातो. चॉकलेट, द्राक्षं-मनुका, कांदा-लसूण, आणि बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल हीही विषं. मोजे, मक्याची कणसं, रबरी चेंडू हे विष नसून आतड्यातला बूच. वारंवार उलटी आणि खाण्याकडे पाठ, ही लॅबच्या बाबतीत आणीबाणी समजा. जेवण नाकारणारा लॅब सकाळपर्यंत थांबवायचा नसतो.

धाकटीला तीन नियम पुरे: झोपलेल्याला हात लावायचा नाही, जेवणाऱ्याजवळ जायचं नाही, तोंडातलं ओढायचं नाही. तुम्हाला चौथा: मोठं माणूस खोलीत नसताना दोघं एकत्र नकोत, कुत्रं कितीही गरीब असलं तरी. चार ते सहा महिन्यांत २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात, तेव्हा हात, फ्रॉक, खुर्चीचा पाय सगळं तोंडात जातं. त्याने बूट पळवला तर पाठलाग करू नका, दुसरी वस्तू दाखवून अदलाबदल करा. जबरदस्तीने जबडा उघडून वस्तू काढत राहिलं की कुत्रं दोनपैकी एक शिकतं: पटकन गिळायचं किंवा गुरगुरायचं. मुलीने गळ्याला मिठी मारल्यावर त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, अंग ताठ केलं, तर ते ‘पुरे’ म्हणतंय. त्या क्षणी मुलीला बोलवून घ्या. गुरगुरण्याबद्दल रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सूचना न देता चावेल.

तुम्ही दोघं आठ तास बाहेर, आणि हीच खरी अडचण. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. दिवसा तेवढे तास ते फार तर लघवी रोखू शकतं. तीन महिन्यांचं असेल तर चार. झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचं असतं, आणि वाकून फरशी पुसणं सासूबाईंना जमणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे कुणीतरी रजा घ्या, त्यानंतर किमान सहा महिने दुपारी येणारं माणूस ठेवा. त्याची सोय नसेल तर पिल्लू नकोच.

उरलेलं थोडक्यात. मुख्य लसी सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवडे झाल्यावर. मधले डोस पुरे समजून थांबलेल्या पिल्लांना पार्व्हो हा जीवघेणा विषाणू गाठतो. केस वर्षभर गळतात आणि ऋतू बदलताना गठ्ठ्याने. भादरू नका, विंचरा. पोहून आल्यावर कान आतून कोरडे करा. उन्हात पळवू नका. धापा थांबत नसतील, लडखडत असेल तर आधी अंगभर पाणी ओता, मग दवाखाना गाठा. नसबंदीची घाई नको: सहा महिन्यांच्या आत केली तर लॅबमध्ये सांध्यांचे त्रास वाढलेले आढळले आहेत. नरासाठी त्यानंतर, मादीसाठी साधारण वर्षानंतरची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

ताई, तुमच्या घरासाठी आम्हाला पिल्लापेक्षा तीन ते सहा वर्षांचा मोठा लॅब जास्त योग्य वाटतो. चांगले ब्रीडर प्रजननातून निवृत्त केलेल्या माद्या घरं पाहून देतात, आणि प्राणी-आसरा केंद्रांत मालकाने सोडलेले लॅब येत असतात. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव, वजन, सांधे समोर दिसतात. ज्याच्या खुब्याची शंका असेल त्याचा एक्स-रे आजच काढता येतो. दात आलेले, शी-शूची शिस्त लागलेली, दुपारभर झोपायची सवय झालेली. मुली थोड्या हिरमुसतील, पण आठवडाभरच.

मागा तेव्हा पंधरा दिवसांच्या चाचणीची अट घाला, आणि पहिल्या भेटीला सगळे जा. सासूबाईंना खुर्चीत बसवा, काठी बाजूला टेकवा, मुलींना जमिनीवर शांत बसायला सांगा आणि कुत्र्याला पट्ट्याशिवाय आत येऊ द्या. वीस मिनिटं पाहा. सगळ्यांचा वास घेऊन, कुणाच्याही अंगावर न चढता, ते खुर्चीजवळ आडवं झालं तर पुढची बोलणी करा. काठी घेऊन पळालं तर त्याला एक संधी आणखी द्या, पण वेगळ्या दिवशी, आणि त्या वेळी काठी न्या.